पायजमा, नग एक

बाबा हसले. पाकीट फोडताना त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे समोरच्यानं आपल्याला फसवायचं ठरवलंय आणि आपण काही ते होऊ देणार नाही, असा. मग कागद उलगडला, चष्मा कपाळावरून नाकावर आला, आणि ते चक्क हसले. "ये, ये, इकडे ये," मला म्हणाले, "गंमत बघ. तू म्हणे हॉस्पिटलात होतीस!" माझ्या हातात चहाचा कप होता. सिनेमात अशा वेळी कप पडतो, मी तो नीट ओट्यावर ठेवला, बाजूला सांडलेला थेंब बोटानं पुसला आणि विचारलं, "कधी?" वा गं वा. कधी! जसं काही तारीख चुकली असती तर माझी सुटका होणार होती. बाबांनी तारीख वाचली. ती बरोबर होती. मग ते एकेक बाब मोठ्यानं वाचायला लागले, वर्तमानपत्रातला विनोद वाचून दाखवावा तसं. "आपत्कालीन विभाग. विशेष तपासणी. रक्त. औषधं. छायाचित्रं... छायाचित्रं बघ! हॉस्पिटल आहे का फोटो स्टुडिओ? आणि हे ऐक, हे तर कहरच आहे. पायजमा, नग एक! आता पायजमेपण विकायला लागले!" आणि त्यांनी खदखदून हसत स्वतःच्या मांडीवर थाप मारली. त्यांनी घातलेला पायजमा तोच होता.

करडा, सुती, नाडीचा पायजमा. माझे कपडे कागदी पिशव्यांत घालून सील केले, तेव्हा नर्सनं मला तो दिला होता. तो घालून मी घरी आले, अंघोळ केली, पुन्हा अंघोळ केली, आणि तो दाराजवळच्या जुन्या कपड्यांच्या पिशवीत खाली खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी बाबांनी बाहेर काढला. आमच्या घरात टाकलेली वस्तू बाबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. "अगं, नवा कोरा पायजमा टाकतेस? कापडाला हात तर लावून बघ! कुठून आणलास?" मी कामाला आहे त्या दुकानात जाहिरातीचे वाटले, असं मी ठोकून दिलं. चष्म्याच्या दुकानात कोण पायजमे वाटतं, हे त्यांनी विचारलं नाही, फुकट वस्तूची चौकशी करत नाहीत ते. तेव्हापासून तो त्यांच्या अंगावर असतो, नाहीतर बाल्कनीतल्या दोरीवर. मी सकाळी केस विंचरायला उभी राहिले की आरशात माझ्यामागे त्याचे दोन पाय हलताना दिसायचे. मग मी आरसा दुसऱ्या भिंतीवर लावला. बाबा म्हणाले, "तिकडे उजेड नाही." मी म्हटलं, "मला तिकडेच बरं दिसतं."

आता बाबा बिलांशी कसे वागतात हे सांगायला हवं, नाहीतर ते हसले का हे कळणार नाही. ते पाण्याच्या खात्यात मीटर तपासायचे. लोकांच्या तक्रारी आल्या की जायचे, झाकण उघडायचे, कान लावून ऐकायचे आणि सांगायचे, बिल बरोबर आहे की नाही. जन्मभर दुसऱ्यांची चुकीची बिलं बघितल्यावर स्वतःच्या दारात आलेलं प्रत्येक बिल चुकीचंच असणार, असं त्यांना वाटतं. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते असतंही. इमारतीत त्यांना तक्रारमास्तर म्हणतात. त्यांच्या तोंडावर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. पण हॉस्पिटलच्या बिलाची गोष्ट वेगळी. आई गेली ती याच हॉस्पिटलात. तिच्या शेवटच्या बिलात तिच्या जाण्यानंतरच्या दिवसाचं जेवण लावलेलं होतं. मऊ आहार, दोन वेळ. नातेवाईक म्हणाले, जाऊ द्या हो, किती पैसे आहेत असे. बाबा आईला पोहोचवून आले तेव्हा रडले नव्हते. नंतरही नाही. ते त्या जेवणाच्या मागे हात धुऊन लागले. फोन, अर्ज, खेपा, वर्ष जवळजवळ. शेवटी हॉस्पिटलचं माफीचं पत्र आलं, त्या दिवशी ते स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि हुंदके देऊन रडले. "जेवली नव्हती ती," म्हणत होते, "सांगत होतो ना मी, जेवली नव्हती." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि मला वाटत होतं की हा माणूस आता थांबेल. थांबला नाही. फक्त त्याला कळलं की भांडलं की खरं ठरतं.

म्हणून माझ्या नावाचं बिल बघून त्यांना राग आला नाही, आधी हसू आलं. ओळखीचा शत्रू परत दारात आला होता. "परत तेच धंदे," ते म्हणाले. "मेलेल्यांना जेवायला घालून झालं, आता जिवंतांना पायजमे विकतायत. थांब, यांना पाणीच पाजतो." टेबलाच्या खणातून त्यांनी पेन्सिल काढली, टोक बघितलं, आणि प्रत्येक बाबीपुढे एक छोटी फुली मारली. मी बघत राहिले. रक्तापुढे फुली, औषधांपुढे फुली, छायाचित्रांपुढे फुली. माझ्या दंडाचे, पाठीचे, मानेचे फोटो होते ते. प्रत्येक फोटोच्या आधी नर्स म्हणाली होती, "आता फ्लॅश पडेल हं." प्रत्येक वेळी मी डोळे मिटत होते आणि तरी उजेड आत येत होता.

मी त्याच रात्री हॉस्पिटलात गेले नव्हते. रात्री घरी येऊन झोपले, आणि कुणाला खरं वाटणार नाही पण गाढ झोपले. सकाळी त्याच कपड्यांत दुकानात जायला निघाले, बसमधून उतरले आणि उलट्या बाजूला, हॉस्पिटलकडे चालायला लागले. आमच्या दुकानाला फ्रेमा पुरवणारा माणूस आहे. फ्रेमवालाच म्हणतो आम्ही. बोलका, सगळ्यांसाठी समोसे नाहीतर बिस्किटं आणणारा, मालकाचा लाडका. आदल्या संध्याकाळी मालमोजणीला उशीर झाला, तर म्हणाला, सोडतो घरी, वाटेत गोदामातून एक पेटी तेवढी उचलू. गोदामाचं शटर त्यानं आतून खाली ओढलं. पुढचं मी नर्सला एकदा सांगितलंय, तेवढं पुरे. त्याला बलात्कार म्हणतात. तो शब्दही मी उच्चारला नव्हता, नर्सनं उच्चारला, अगदी साध्या आवाजात, आणि तो ऐकून मला हायसं वाटलं. कुणीतरी माझ्या डोक्यावरचं ओझं घेऊन टेबलावर ठेवावं तसं. त्या आधी दाराजवळच्या खिडकीत एका माणसानं मान वर न करता "कार्ड" म्हटलं होतं आणि मी बाबांच्या विम्याचं कार्ड सरकवलं होतं. विचार न करता. लग्न होईपर्यंत मुलगी बापाच्या पॉलिसीत, आणि बापानं कार्ड स्वतःच्या हातानं माझ्या पाकिटात घातलेलं. "कुठं धडपडलीस तर असू दे," म्हणाले होते.

नर्स चांगली होती. वयानं माझ्या आत्याएवढी, हातमोज्यांतून पण हात गरम लागायचे. "आता इथे हात लावते, चालेल?" असं दर वेळी विचारायची, आणि मी दर वेळी "हो, सॉरी" म्हणायचे. कसलं सॉरी? नंतर कळलं, ही तर माझीच गिऱ्हाइकं बोलत होती माझ्या तोंडून. दुकानात मी डोळे तपासते. अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, भिंग बदलत विचारायचं, हे स्पष्ट दिसतं की हे? चांगली शिकलीसवरली माणसं घामाघूम होतात. "चुकलं का हो माझं?" विचारतात. मी रोज सांगते, यात चूक-बरोबर काही नसतं, दिसतं ते सांगा. नर्स मला म्हणाली, "आठवेल ते सांगा, नाही आठवत ते राहू दे." मला वाटलं, अरे, हे तर माझं वाक्य. शेवटी तिनं सगळं एका खोक्यात ठेवून सील केलं, त्यावर माझं नाव लिहिलं आणि मला वाचायला लावलं. "बरोबर आहे ना? आता पोलिसांत जायचं की नाही, हे आज ठरवायचं नाही. हे तुमच्या नावानं आमच्याकडे राहतं. ठरवाल तेव्हा या. आणि याचं बिल नसतं हं, हे वेगळ्या निधीतून होतं. घरी काही येणार नाही." मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." तिची चूक नाही. तिला खिडकीतलं कार्ड कुठं माहीत होतं.

त्या खोक्यावर मी हे महिने काढले. फ्रेमवाला अजून येतो. समोसे आणतो. मी तपासणीच्या खोलीत जाऊन दिवा घालवते आणि बाहेर त्याचा आवाज ऐकू येत राहतो, मालकाला टाळ्या देत हसणारा. मला नोकरी सोडता येत नाही असं नाही, सोडता येईल. पण सोडली तर का सोडली हे सांगावं लागेल, आणि मी का सोडायची, ही एक तिडीक डोक्यात आहेच. तर अंधारात बसून मी त्या खोक्याचा विचार करते. कुठल्यातरी फळीवर ते आहे. त्यावर माझं नाव आहे. तू हास, म्हणते मी मनात, हास काय हसायचं ते, माझं खोकं आहे. एखाद्या म्हातारीनं मोडायला ठेवलेल्या बांगड्यांवर जीव ठेवावा तसा मी त्या खोक्यावर ठेवला होता. आज नाही, उद्या नाही, पण ठरवीन तेव्हा. बाबांना मात्र सांगायचं नव्हतं. ते रागावतील म्हणून नाही, बाबा मला कधी रागावलेच नाहीत. आईच्या दोन वेळच्या जेवणावर वर्षभर भांडलेला माणूस माझ्यावर किती वर्षं भांडेल, याची भीती वाटत होती. आणि भांडून झाल्यावर तो पाटावर बसून काय म्हणेल, याची.

बाबांचे फोन सुरू झाले. डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून ते फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावतात आणि स्वतः मात्र पलीकडचा बहिरा असल्यासारखे ओरडतात. "माझी मुलगी ठणठणीत आहे हो! समोर उभी आहे माझ्या! तिला काय धाड भरलीय हॉस्पिटलात जायला?" जिन्यात वरच्या काकू भेटल्या तर त्यांनाही ऐकवलं. "हिच्या नावावर कुणीतरी दुसरीच बाई जाऊन आली बघा. काय करून आली असेल देव जाणे!" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई गं, कसली कसली माणसं असतात!" मी हसले. मला हसता येतं, हे मला तेव्हा कळलं आणि माझीच मला शिसारी आली. मग ती दुसरी बाई घरात राहायलाच आली. बाबा जेवताना तिच्याबद्दल बोलायचे. फुकट उपचार करून घ्यायचे म्हणून कार्ड चोरलं असेल. नाव सांगायची लाज वाटली असेल. "लाज वाटण्यासारखंच काहीतरी असणार," ते एकदा म्हणाले आणि पाणी प्यायले. मी हातातला घास ताटात परत ठेवला. मला त्या बाईची इतकी कीव आली की वाटलं, उठून सांगावं, बाबा, तिला काही बोलू नका. ती बिचारी सकाळच्या उन्हात पाय ओढत एकटी गेली होती.

परवा बिलिंगच्या बाईचा फोन आला. बाबा आत दाढी करत होते म्हणून तिचं पहिलं वाक्य मीच ऐकलं, आणि तोंड उघडायच्या आत ते फेसासकट बाहेर आले. बाई दमलेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, कसली तपासणी ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, ते पेशंटलाच सांगता येतं. पण तुमची तक्रार वरपर्यंत गेलीय. पेशंटनं स्वतः फोनवर सांगितलं की त्या आल्या नव्हत्या, तर आम्ही नोंद रद्द करतो. बिलही रद्द होईल. फक्त नोंद गेली की तिच्याखाली आमच्याकडे जे काही ठेवलंय, कागद, नमुने, तेही काढून टाकावं लागेल. ते पुन्हा मिळायचं नाही." बाबा म्हणाले, "मिळायला हवंय कुणाला! टाका की खुशाल!" आणि माझ्याकडे बघून त्यांनी अंगठा वर केला. गालावर फेस, डोळ्यांत आई गेल्यापासून न पाहिलेली चमक. जिंकले होते.

आज माझी सुट्टी, म्हणून आजची सकाळ ठरली. बाबांनी टेबल पुसलं. बिल मधोमध ठेवलं, शेजारी पेन्सिल. मला खुर्ची ओढून दिली. "काही घाबरायचं नाही," म्हणाले, "नाव सांगायचं, जन्मतारीख सांगायची, आणि म्हणायचं, मी आले नव्हते. एवढंच. जास्त बोलायचं नाही, जास्त बोललं की ही माणसं शब्दात पकडतात. पुढचं मी बघतो." मी त्यांच्याकडे बघत होते. पायजमा गुडघ्यांवर ढिला पडलेला, नाडीचं एक टोक लोंबतंय. किती सोपं होतं. मी आले नव्हते. तेवढं म्हटलं की बिल जाणार, दुसरी बाई जाणार, बाबा संध्याकाळी काकूंना पेढे वाटल्यासारखी बातमी देणार. कुणी कधी काही विचारणार नाही. फळीवरून एक खोकं खाली येईल, त्यावरचं नाव खोडतील. आणि उद्या दुकानात दिवा घालवून मी अंधारात बसेन, बाहेर तो हसेल, आणि माझ्याकडे काही नसेल. काहीच घडलं नव्हतं, असं मीच सांगितलेलं असेल. माझ्या तोंडानं, बापाच्या टेबलावरून.

फोन लागला. तीच बाई. माझं नाव विचारलं, मी सांगितलं. जन्मतारीख सांगितली. मागे कळफलकाची टकटक येत होती. "त्या तारखेला तुम्ही आमच्याकडे आला होतात का?" बाबांनी मान हलवून इशारा केला, बोल. भिंग फिरतं तसं डोळ्यांसमोर काहीतरी फिरलं. हे स्पष्ट की हे? दिसतं ते सांगा. "हॅलो?" बाई म्हणाली, "पेशंट आहेत ना लाइनवर?"

"मी आले होते," मी म्हटलं.

"नव्हते," बाबा पटकन कुजबुजले. "नव्हते म्हण, अगं."

"आले होते. ती मीच होते." माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण फाटला नाही. "नोंद काढू नका. कशालाही हात लावू नका. बिल मात्र चुकीचं आहे. तुमच्या नर्सनं सांगितलं होतं की या तपासणीचं बिल होत नाही. बलात्काराच्या तपासणीचं."

टकटक थांबली. मग बाईचा आवाज आला, तोच पण दमलेला नाही. "एक मिनिट हं, ताई. फोन ठेवू नका. मी बघते, लगेच बघते." आणि संगीत सुरू झालं, ते वाट बघायला लावतात ना, ते. बाबांना ते संगीत सहन होत नाही. एरवी त्यांनी टेबलावर बुक्क्या मारल्या असत्या. आज ते हलले नाहीत. त्यांची नजर बिलावर होती. ती खाली खाली सरकत गेली, फुलीवरून फुलीवर. छायाचित्रांपाशी थांबली. मला वाटलं, ते आता माझ्याकडे बघतील, आणि मला ते नको होतं, देवा, नको होतं. त्यांनी नाही बघितलं. नजर आणखी एक ओळ खाली गेली. मग त्यांनी हळूच स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. गुडघ्यांवरचे हात असे उचलले, जसं काही कापड भाजतंय.

ते उठून आत गेले. दार लावल्याचा आवाज आला. संगीत संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मला रडू येत होतं आणि आत कपाटाचं दार करकरलं ते मी ऐकत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी खात्याची खाकी पँट घातली होती, निवृत्तीनंतर कधी न घातलेली, कमरेला घट्ट झालेली, वर पट्टा. कुणाच्या घरी मीटर बघायला जावं तसे. हातात तो पायजमा होता, नीट घडी घातलेला, दोन्ही हातांवर आडवा. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"हा... कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"राहू दे तिथंच. खुर्चीवर."

त्यांनी तो खुर्चीवर ठेवला. मग ठेवला तो बरोबर का, म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. फोनमधलं संगीत तुटलं आणि बाई म्हणाली, "ताई, आहात ना?" बाबांनी फोन माझ्या बाजूला सरकवला, त्यामागोमाग पेन्सिल सरकवली, आणि दाराची कडी धरून उभे राहिले.

"मी बाहेर थांबू?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत एकाही भांडणात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

"नको बाबा," मी म्हटलं, "बसा."

ते जमिनीवरच बसले, भिंतीला टेकून, घट्ट पँटमध्ये गुडघे कसेबसे दुमडून. मी पेन्सिल उचलली.

"बोला," मी फोनमध्ये म्हटलं.